दिग्दर्शन शिकायला जाताना आधी विचार, तालमीला कोण बसणार?

डिचोली तालुक्यातल्या एका मुलाने विचारले आहे: "ताई, मी बी.कॉम. झालो. गावच्या जत्रेचे नाटक चार वर्षे मीच बसवतो. कला अकादमीच्या स्पर्धेत ब गटात एकदा उतरलो, बक्षीस मिळाले नाही. आता दिग्दर्शनाचे रीतसर पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे वाटते. दिल्ली, पुणे, मुंबई की परदेश? घरचे म्हणतात, नाटक तर तुला येतेच, मग दोन-तीन वर्षे कशाला घालवतोस?"

घरच्यांच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय तू कुठेही जाऊ नयेस.

नाटक उभे करणे तुला येते हे खरेच. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री नऊला तालमीला आणायचे, पार्ट वाटताना कोणाचे मन मोडू द्यायचे नाही, सिनसिनेरीवाल्याशी आणि लाइटवाल्याशी बोलणी करायची, देवाची पालखी उशिरा परतली तर पहिला अंक कुठे आवरता घ्यायचा ते उभ्या उभ्या ठरवायचे. हे सगळे कुठल्याही संस्थेत शिकवत नाहीत. उद्या तू प्रवेश घेतलास तर शहरातून आलेल्या हुशार मुलांना नेमके हेच जमत नाही असे तुला दिसेल.

पण एक गोष्ट आपल्याकडे होत नाही. आपला प्रयोग सगळे बघतात, तालीम कोणीच बघत नाही. जत्रेत गाव बघतो, स्पर्धेत परीक्षक बघतात, पण दोघांच्याही वाट्याला येतो तो शेवट. महिना-दीड महिना रात्री तू नटांशी काय बोललास, कुठे अडलास, कुठे घाई केलीस, कोणता नट तुझ्यामुळे मिटून गेला, हे कोणालाच ठाऊक नसते. दिग्दर्शन मात्र त्याच रात्रींमध्ये होत असते. पदव्युत्तर शिक्षण म्हणजे दोन-तीन वर्षे एखाद्या जाणत्या माणसाने तुझ्या तालमीला येऊन बसणे. तेवढ्यासाठी जायचे. ग्रंथालय, ओळखी, प्रमाणपत्र हे त्याच्या मागून येते.

मी हे कुठून बोलते ते सांगते. मी फोंड्याच्या बाजूची. विसाव्या वर्षापासून उत्सवी नाटकांत बाहेरून बोलावलेले स्त्री-पात्र म्हणून जात असे. पद्धत तुला माहीतच आहे. गावातले पुरुष दीड महिना तालीम करतात, नायिका शेवटच्या एक-दोन तालमींना येते. पाठांतर करून जायचे, दुपारी पोचायचे, संध्याकाळी हालचाली समजून घ्यायच्या आणि रात्री तोंडाला रंग लावायचा. तुळशीचे लग्न झाले की सुरू व्हायचे ते उन्हाळ्यापर्यंत. त्यामुळे एकच भूमिका मी आठ-दहा गावांत, आठ-दहा दिग्दर्शकांच्या हाताखाली केली. ते किती मोठे शिक्षण होते हे मला फार उशिरा कळले.

त्यातला एक प्रसंग सांगते. 'संशयकल्लोळ' तुझ्याही गावात झाले असणार. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तिच्याजवळची, तिच्या प्रियकराची म्हणजे अश्विनशेठची तसबीर खाली पडते आणि ती फाल्गुनरावाच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या हाती लागते. पुढचा सगळा गोंधळ त्या एका वस्तूतून निघतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या मूळ गद्य नाटकाच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' हे शब्द होते. म्हणजे ती तसबीर पडलेली प्रेक्षकाला दिसली पाहिजे आणि फाल्गुनरावाला दिसता कामा नये. आता आपला जत्रेचा मंच डोळ्यांपुढे आण. छाती-खांद्याइतका उंच, प्रेक्षक खाली सपाट जमिनीवर, पुढे पोरेटोरे चटईवर बसलेली. मंचाच्या तळावर काय पडले ते पुढच्या निम्म्या रांगांना दिसतच नाही. मी कृत्तिका करायची, वाकून तसबीर उचलायची आणि समोरच्या चेहऱ्यांवर कोरेपण असायचे. हिने काय उचलले? बहुतेक दिग्दर्शक सांगायचे, "तसबीर हा शब्द मोठ्याने म्हण."

एका गावी मात्र वेगळे घडले. तिथला दिग्दर्शक बसवर कंडक्टर होता. त्याने रस्त्याच्या देखाव्यात एका घराची दोन पायऱ्यांची चढण करून घेतली होती. रेवती त्या पायरीशी कलंडायची आणि तसबीर वरच्या पायरीला टेकून अर्धवट उभी राहायची. चौकटीला त्याने सोनेरी कागद लावला होता, त्यावर उजेड पडला की ती चकाकायची. फाल्गुनराव रेवतीत गुंतलेला, तसबीर त्याच्या पाठीशी, आणि पुढची पोरे ओरडायला लागली, "पडली, पडली!" मी विंगेत उभी होते, अंगावर काटा आला. नंतर त्यांना विचारले, हे तुम्हाला सुचले कसे? ते म्हणाले, एक तालीम मी चटईवर बसून बघतो, पोरांच्या जागेवरून.

पुढे विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकायला गेले तेव्हा दृष्टिरेषा, प्रेक्षागृहातले कोन, वस्तूवर नजर नेण्याच्या पद्धती हे सगळे नकाशा काढून शिकले. त्या कंडक्टरकाकांनी अंगच्या समजेने जे केले ते मला दर वेळी, कुठल्याही जागेत, ठरवून करता यायला लागले. शिक्षणाचा एक उपयोग हा.

दुसरा उपयोग त्याहून मोठा. पहिल्या वर्षी मला एक छोटा प्रवेश बसवायला दिला होता. दोन भाऊ, वडिलांच्या घराची वाटणी, धाकटा घर सोडून निघालेला. मी आपल्या सवयीप्रमाणे जागा लावत होते. या वाक्याला उठ, इथे दोन पावले पुढे ये, इथे वळ. आमचे शिक्षक तीन संध्याकाळ मागच्या भिंतीशी गप्प बसून होते. चौथ्या दिवशी आले, माझी खुर्ची उचलली आणि नटांकडे पाठ येईल अशी ठेवली. म्हणाले, "आज बघू नकोस, ऐक."

वीस मिनिटे मी भिंतीकडे तोंड करून ऐकले. दोघे भाऊ एकमेकांचे वाक्य संपायची वाट बघत होते. भांडण चालले होते आणि कोणी कोणाला तोडत नव्हते. थोरल्याच्या तोंडी चार वेळा 'बरं' होते, चारही वेळा तोच सूर. धाकट्याचा आवाज पहिल्या वाक्यापासूनच रडवेला होता, म्हणजे पुढे चढायला त्याला जागाच उरली नव्हती. जागा मी छान लावल्या होत्या, प्रवेश मात्र मेलेला होता. तालीम संपल्यावर सरांनी एकच विचारले: "धाकट्याला घर हवे आहे, की थोरल्याने 'राहा' म्हणावे हे हवे आहे?" मला उत्तर येईना. नट पटकन म्हणाला, "राहा म्हणावे." त्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी त्याला कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी एकही हालचाल न बदलता तो प्रवेश निराळा झाला.

प्रयोग बघून कोणी ही चूक दाखवली असती का? परीक्षकाने लिहिले असते, "अभिनय एकसुरी." आणि मी नटाला दोष दिला असता.

म्हणून संस्था निवडताना माहितीपत्रक बाजूला ठेव आणि तिथे शिकत असलेल्या मुलांना गाठून तीन गोष्टी विचार. तुम्ही स्वतः किती प्रवेश आणि किती पूर्ण नाटके बसवलीत? तुमच्या तालमीला कोण बसते, किती वेळा? आणि नट कोण असतात? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण सहाध्यायीच नट असतील तर ते तुझे ऐकतात. तुझे न ऐकणारा, तुझ्यापेक्षा अनुभवी नट कधी हाताळायला मिळतो का, ते बघ.

आता जागा. दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय संगीत नाटक अकादमीने १९५९ मध्ये सुरू केले, १९७५ पासून ते स्वायत्त आहे. इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ तिथे संचालक होते आणि आज आपण ज्याला आधुनिक भारतीय दिग्दर्शन म्हणतो त्याचा मोठा भाग त्या पंधरा वर्षांत घडला. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्ण वेळ, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. जागा मोजक्या आणि अर्ज साऱ्या देशातून. पहिल्या वर्षी सगळे सगळे शिकतात, दिग्दर्शनाची वाट नंतर फुटते. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी "मी नट नाही, मी फक्त दिग्दर्शक" असे सांगून चालत नाही. तिथे तुला उभे राहून करून दाखवावे लागेल. आधी प्राथमिक चाचणी आणि त्यातून निवडलेल्यांची दिल्लीत काही दिवसांची कार्यशाळा, अशी पद्धत आहे. पदवीबरोबर नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा पुरावा मागतात. गावच्या नाटकाच्या हँडबिलावर तुझे नाव छापलेले असते ना? ती हँडबिले जपून ठेव. वयाची अट असते, म्हणून 'पुढच्या वर्षी बघू' असे फार वेळा म्हणू नकोस.

एक अडचण मोकळेपणाने सांगते. तिथले काम मुख्यतः हिंदीत चालते. आपण गोव्यातले हिंदी बोलतो ते बाजारात निभावण्यापुरते. नटाला वाक्याचा भार कुठे आहे ते सांगायला तेवढे हिंदी पुरत नाही. जायचे असेल तर आजपासून रोज अर्धा तास हिंदी नाटक मोठ्याने वाच.

मराठीतून विचार करायचा असेल तर पुणे आणि मुंबई. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीने चालते. सतीश आळेकर तिथे बरीच वर्षे प्रमुख होते. नाटकाबरोबर संगीत आणि नृत्यही त्याच आवारात शिकवतात आणि मला हे फार मोलाचे वाटते. गोव्याच्या मुलाच्या कानात भजन आणि नाट्यगीत असतेच, शेजारच्या खोलीत तबला चालू असताना प्रवेश बसवण्यात वेगळीच गंमत आहे. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स कालिन्याला आहे. ती वामन केंद्रे यांनी उभी केली आणि तिथला पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. मुंबईत असण्याचा फायदा असा की संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाहीतर साहित्य संघात जाऊन प्रयोग बघता येतो. एकच नाटक चार वेळा, चार वेगळ्या जागांवरून बघ. तुझा स्वभाव मला पत्रावरून जेवढा कळला त्यावरून मी पुण्या-मुंबईला आधी आणि दिल्लीला नंतर अर्ज कर म्हणेन. तुला भाषेची पकड हवी आहे आणि ती स्वतःच्या भाषेत लवकर येते.

हैदराबाद विद्यापीठ आणि केरळात त्रिशूरचे नाट्य विद्यालय, दोन्ही चांगली, पण भाषेचा प्रश्न तिथेही आहे. कर्नाटकात हेग्गोडूला के. व्ही. सुब्बण्णांनी उभे केलेले नीनासम आहे. एका खेड्यात राहून देशभरचे नाटक कसे करावे हे बघायला तरी एकदा जाऊन ये, गोव्याहून फार लांब नाही. पणजीच्या कला अकादमीचे नाट्य महाविद्यालय पदवीसाठी आहे आणि तू पदवीधर झालास, पण तिथल्या मुलांच्या सादरीकरणांना जात जा. तुझे पुढचे सहकारी तिथेच आहेत.

परदेशाचे थोडक्यात. अमेरिकेत दिग्दर्शनाची एम.एफ.ए. ही पदव्युत्तर पदवी बहुधा तीन वर्षांची असते आणि एका वर्षी अगदी बोटांवर मोजण्याइतकी मुले घेतात. येलच्या नाट्यविद्यालयात २०२१ पासून शिकवणी फी माफ आहे, पण तिथे पोचणारे लोक आधी बरेच काम करून आलेले असतात. लंडनच्या बर्कबेकमध्ये दिग्दर्शनाची दोन वर्षांची एम.एफ.ए. आहे, दुसऱ्या वर्षी चालत्या नाट्यगृहात उमेदवारी करायला लावतात. ही कल्पना मला अतिशय पटते. मात्र घर गहाण ठेवून, कर्ज काढून यातले काही करू नकोस. नाटकाच्या कमाईतून ते कर्ज फिटत नाही. आधी इथे शीक, पाच-सात नाटके कर आणि मग चार्ल्स वॉलेससारख्या न्यासाच्या शिष्यवृत्तीवर थोड्या मुदतीसाठी जा.

कोणी तुला सांगेल की जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, ते कुठे दिग्दर्शन शिकायला गेले होते? १९७२चे 'घाशीराम कोतवाल' त्यांनीच बसवले. बरोबर आहे. पण त्यांच्या तालमीला कोण होते ते बघ. आळेकर, मोहन आगाशे, भास्कर चंदावरकर. प्रश्न विचारणारी, वाद घालणारी माणसे रोज समोर बसलेली. विजया मेहता अल्काझी आणि आदी मर्झबान यांच्याकडे शिकल्या. त्याही आधी संगीत नाटक मंडळ्यांत देवल तालीम मास्तर होते आणि 'तालीम' हा शब्द त्या पदाच्या नावातच होता. तुझ्या गावात अशी चार माणसे असतील आणि तुझ्या तोंडावर बोलत असतील, तर मी तुला कुठेही जा म्हणणार नाही.

अर्ज भरायला अजून अवकाश आहे, त्या काळात काय करायचे? एक दिग्दर्शकाची वही घाल. डाव्या पानावर संहिता चिकटव, उजव्या पानावर रोजच्या तालमीचे लिही. हालचाली तर लिहीच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आज मी नटाला काय सांगितले आणि त्याने त्याचे काय केले. मुलाखतीला ही वही घेऊन जा. माझ्या हातात निवड असती तर दहा पुस्तकांवर बोलणाऱ्या मुलापेक्षा खाडाखोड केलेली एक वही आणणाऱ्याला मी घेतले असते.

पुठ्ठ्याचे नमुने करायला शीक. अर्धा इंच म्हणजे एक फूट धरून तुझ्या गावचा मंडप बनव, त्यात नटाच्या उंचीची कागदी माणसे उभी कर. एकच पाच मिनिटांचा प्रवेश तीन जागी बसवून बघ: मंचावर, घराच्या बाल्कांवात म्हणजे पुढच्या ओसरीत, आणि शाळेच्या वर्गात. मांडावर मात्र असले प्रयोग करू नकोस. ती देवाची आणि गावाची जागा आहे, तिथे बघायला जा. सत्तरी तालुक्यातले रणमाले हे लोकनाट्य बघ. दशावतारी काल्यात हातात संहिता नसताना दोन पात्रे प्रवेश कसा रंगवत नेतात ते विंगेजवळ बसून ऐक. आणि तियात्राला, म्हणजे आपल्या कोंकणी नाटकाला, जा. आपल्यातले बरेच मराठी नाटकवाले तिकडे फिरकत नाहीत, ही मोठी चूक आहे. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला, तेव्हापासून तो तिकिटावर जगला आहे. पडद्यामागे देखावा बदलेपर्यंत पुढे कांतार म्हणजे गाणी गाऊन प्रेक्षकाला धरून ठेवण्याची ती युक्ती लय कशी सांभाळायची याचा धडाच आहे.

शिकून परत आल्यावरचे एक सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. मी परत आले त्या वर्षी गावच्या मंडळींना पहिले पंधरा दिवस संहिताच दिली नाही. श्वासाचे, विश्वासाचे, अवकाशाचे खेळ घेतले. चार जाणते नट यायचे बंद झाले. त्यातले एक काका सत्तरीचे होते, त्यांनी माझ्या आईला सांगितले, "ती आमका शिकयता, आमच्याकडल्यान शिकना." ती आम्हाला शिकवते, आमच्याकडून शिकत नाही. तो शब्द मला फार लागला आणि तो खरा होता. पुढच्या वर्षी मी पहिल्याच दिवशी संहिता दिली, काकांना घरी जाऊन बोलावले आणि त्यांनी अशी भूमिका पूर्वी कशी केली होती ते आधी करून दाखवायला लावले. शिकलेले सगळे मग हळूहळू, नाव न घेता, तालमीत आणले.

पोटापाण्याचेही आताच घरात बोलून घे. गोव्यात मराठी नाटक बसवून घर चालवणारा माणूस क्वचित सापडेल. शाळा-कॉलेजात नाटक शिकवणे, स्पर्धेसाठी दिग्दर्शन, कार्यशाळा, असे जोडून जोडून चालते. पदव्युत्तर पदवीचा शिकवण्याच्या नोकरीला उपयोग होतो, हे घरच्यांना सांगायला हरकत नाही.

यंदाच्या जत्रेच्या नाटकाची तालीम कधीपासून आहे ते मला कळव. प्रयोगाची तारीख नंतर सांगितलीस तरी चालेल. मी एक रात्र येऊन मागे बसेन. परतीला बस नसते, तेव्हा राहायची सोय तेवढी कर आणि तुझी वही तयार ठेव.